चमच्याचा च आणि पिझ्झाचा झ

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

विषय तसा खाण्याचा आहे, पण सुरुवात एका बंद पडलेल्या शब्दाने करावी लागते.

मी मूळचा सुरतेतल्या डिंडोलीचा. आपल्या महाविद्यालयातील बहुतेक मित्रांनी हे नाव ऐकलेही नसेल. उधना जंक्शनच्या अलीकडे-पलीकडे ज्या वस्त्या पसरल्या आहेत, त्यांतली ही एक. खानदेशातून पोटासाठी निघालेली माणसे ताप्ती लाईनने आली आणि बरीचशी इथेच आसपास उतरून राहिली. त्यामुळे गल्लीत खानदेशी बोली, दुकानात गुजराती आणि महापालिकेच्या शाळेत चक्क मराठी माध्यम, असा आमच्याकडचा कारभार आहे. माझे वडील अमळनेरकडचे, आई निपाणीची. हा योग सुरतेत कसा जुळला ती कथा निराळी. तिच्यामुळे एवढे झाले, की बारावीनंतर मी शिक्षणासाठी बेळगावला मामांकडे आलो. घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती अशा दोन भाषांवर वाढलेल्या माझ्या कानांना आता कन्नडचीही सवय होऊ लागली आहे.

अप्पा दिवसा मिलमध्ये असतात. संध्याकाळी ते आणि आई वडापावची गाडी लावतात. हल्ली नुसत्या वडापाववर भागत नाही. चीज वडापाव, मयो वडापाव, शेझवान वडापाव असे प्रकार ठेवावे लागतात. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गिऱ्हाइकाने “कोणतं चीज?” असे विचारले, की अप्पा उत्तर देत नसत. पाकीट उचलून त्यावरच्या नावावर बोट ठेवत. मला नवल वाटले, कारण अप्पा मुळात बोलके. आईला विचारले, तेव्हा उलगडा झाला. पावसाळ्यात दोन तरुण गाडीवर आले होते. अप्पांनी चीजचे नाव “मोंजरेला” असे सांगितले. एक जण हसून म्हणाला, “काका, फरीथी बोलो ने!” म्हणजे, पुन्हा म्हणा ना. अप्पांना वाटले, ऐकू गेले नसेल. त्यांनी पुन्हा सांगितले. तोवर दुसऱ्याने मोबाईल काढून समोर धरला होता. तिसऱ्यांदा सांगताना अप्पांच्या लक्षात आले. आई म्हणाली, त्यातला एक बोलण्यावरून आपल्यापैकीच होता. त्या दिवसापासून तो शब्द अप्पांनी टाकला.

माझा पहिला विचार असा, की अप्पांना बरोबर उच्चार शिकवावा. पण बरोबर उच्चार कोणता, हे मला तरी कुठे ठाऊक होते? परत आल्यावर ग्रंथालयातले शब्दकोश चाळले, त्या त्या देशातल्या माणसांचे बोलणे मोबाईलवर ऐकले आणि जे हाती लागले ते येथे मांडतो आहे.

घरात मुरलेले परकीय

परकीय पदार्थांची नावे ही काही आजची गोष्ट नाही. बटाटा, काजू, अननस, पाव ही नावे आपल्याकडे पोर्तुगीजांच्या मार्फत आली. त्यांतले काजू आणि अननस हे शब्द तर पोर्तुगीजांचेही नव्हेत. ते त्यांनी ब्राझीलच्या मूळ रहिवाशांकडून उचलले होते. आपल्या आजीने बटाट्याची भाजी करताना उच्चाराची चौकशी कधी केली नाही आणि कोणी तिला हसलेही नाही.

पाव हाच शब्द घ्या. पीठ पायाने तुडवतात म्हणून तो पाव, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ती खरी नव्हे. पोर्तुगीजमध्ये भाकरीला किंवा ब्रेडला जो शब्द आहे, तो साधारण ‘पाँव’ असा नाकातून उच्चारतात. आता आमच्या गाडीची पाटी पाहा. तिच्या एका बाजूला मराठीत ‘वडापाव’ आहे आणि दुसऱ्या बाजूला गुजराती लिपीत ‘वडापाउं’. गुजरातीत शेवटी अनुस्वार आहे! लहानपणी मला वाटे, की गुजराती माणसे आपला शब्द बिघडवून बोलतात. प्रत्यक्षात पोर्तुगीजांचा नाकातला सूर गुजरातीने जपून ठेवला आहे आणि मराठीने तो गाळला आहे.

हापूसची गंमत याहून मोठी आहे. हे नाव अफोन्सो द आल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीच्या नावावरून आले असे मानतात. त्याने १५१० मध्ये गोवा घेतले. त्या ‘अफोन्सो’चे तीन भाषांत काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. वलसाडकडे ‘हाफूस’ म्हणतात, म्हणजे गुजरातीने मूळचा फ राखला. धारवाडकडे ‘आपूस’ म्हणतात, म्हणजे कन्नडने आरंभीचा स्वर राखला. आपण मराठीत फ गमावला आणि पुढे एक ह जोडला, आणि तरीही खरा हापूस आपलाच असे आपण छातीवर हात ठेवून सांगतो. तिघांपैकी एकाचाही उच्चार पूर्ण बरोबर नाही, आणि तिघांपैकी कोणाचाही आंबा कमी गोड नाही.

चहाचेही असेच. सुरत हे त्या काळचे मोठे बंदर. १६३८ मध्ये तेथे आलेल्या मांडेल्सलो या जर्मन प्रवाशाने रोजच्या बैठकींत चहा घेतला जाई, असे लिहून ठेवले आहे. चीनमध्येच या वनस्पतीला एका भागात ‘चा’ म्हणत, तर फुकियन किनाऱ्यावर ‘ते’. ज्यांना हा माल खुष्कीच्या मार्गाने किंवा मकाऊच्या पोर्तुगीजांकडून मिळाला त्यांनी ‘चा’ घेतला. ज्यांना डच व्यापाऱ्यांकडून मिळाला त्यांनी ‘ते’ घेतला. म्हणून मराठी, गुजराती आणि उत्तर कर्नाटकातली कन्नड यांत चहा किंवा चा आहे, तर तमिळमध्ये ‘तेनीर’. इंग्रज स्वतः अठराव्या शतकाच्या आरंभी ‘टे’ म्हणत असत. त्याचे ‘टी’ नंतर झाले. म्हणजे बरोबर उच्चारालासुद्धा तारीख असते.

यावरून पहिला नियम हाती लागतो. जो शब्द आपल्या घरात मुरला, त्याचा बरोबर उच्चार म्हणजे आपला उच्चार. पोर्तुगालचा माणूस समोर आला तरी पाव हा पावच.

माल इटलीचा, बीजक इंग्रजीत

खरी अडचण नव्या पाहुण्यांची आहे. हे शब्द इटली, फ्रान्स, मेक्सिको येथून निघतात, पण आपल्यापर्यंत येतात ते रोमन अक्षरांत छापलेल्या मेनूकार्डावरून. आपण रोमन लिपी शिकलो ती इंग्रजीसाठी. त्यामुळे दिसेल तो शब्द इंग्रजीचा आहे असे धरून वाचतो. आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या भाषेत सांगायचे, तर माल एका देशाचा आणि हिशेब दुसऱ्याच देशाच्या नाण्यात. मग ताळा जमणार कसा?

सर्वांत ठळक उदाहरण ‘टी’ या अक्षराचे. इंग्रजीतला ‘टी’ आपण ट लिहितो. परंतु इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश या भाषांत त्या अक्षराचा उच्चार दातांना जीभ लावून करतात, म्हणजे सरळ आपला त. लाटे नव्हे, लात्ते. टॉर्टिया नव्हे, तोर्तीया. हा त आपल्या बाराखडीत पहिल्यापासून आहे. तो आणायला कोठे जावे लागत नाही.

लात्तेचा इटालियन अर्थ नुसता ‘दूध’ असा आहे. इटलीत कोणी नुसते लात्ते मागितले, तर पेलाभर दूध पुढे येण्याचा संभव आहे! तसेच एस्प्रेस्सो. त्यात ‘एक्स’ हे अक्षर नाहीच. दाबाने काढलेली ती एस्प्रेस्सो. तिचा एक्सप्रेस गाडीशी संबंध जोडून ‘एक्सप्रेसो’ म्हणणाऱ्यांत मीही होतो.

चमचा कामी येतो

आता पिझ्झाकडे वळू. इटालियनमध्ये दोन ‘झेड’ लागोपाठ आले, तर त्यांचा उच्चार येथे त्स असा होतो, पीत्सा. इंग्रज लोकही या शब्दात साधारण ट्सच म्हणतात. झेड पाहून झ वाचणारे आपण.

हा त्स आपल्याला अवघड आहे का? मुळीच नाही. शाळेच्या व्याकरणात गुरुजींनी शिकवले होते, की मराठीत च दोन प्रकारचा आहे. ‘चित्र’ मधला तालव्य आणि ‘चमचा’ मधला दंततालव्य. चमचा, चोर, चाक, चहा हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. जीभ दातांच्या मुळाशी लागते आणि जो आवाज निघतो तो त आणि स यांचे मिश्रण आहे. ‘चमचा’ म्हणताना दोन्ही च दातांपाशी असतात. ‘चमचे’ म्हटले, की दुसरा च टाळूकडे सरकतो, पहिला मात्र जागचा हलत नाही. हाच पहिला च जरा दाबून, दुहेरी म्हणा, की इटलीचा पीत्सा तयार. जो आवाज काढायला परदेशी विद्यार्थ्याला सराव करावा लागतो, तो आपण रोज चहात बुडवून पितो. अप्पांच्या त्या चीजचे नावही याच मापाचे आहे. मोत्सारेल्ला, त्यातला त्स चमच्याचा आणि दुहेरी, ल सुद्धा दुहेरी.

आणखी एक अक्षर आपल्याकडे पडून आहे. ते म्हणजे ञ. पहिलीच्या तक्त्यात च, छ, ज, झ नंतर ते दिसले, की मुलांनी म्हणायचे आणि विसरायचे. पुढे आयुष्यात ते एकटे कधी भेटत नाही. परंतु इटालियनमध्ये ‘जी’ आणि ‘एन’ ही अक्षरे जोडून आली, की त्यांचा उच्चार हाच होतो. मेनूवर ‘ग्नोची’ असा वाचला जाणारा पदार्थ (बटाट्याच्या पिठाचे लहान गोळे) खरे म्हणजे ञोक्की आहे आणि ‘लसाग्ना’ आहे लासाञा. त्याच्या ‘क्की’ वरून दुसरी खूण ध्यानात ठेवावी. इटालियनमध्ये ‘सी’ नंतर ‘एच’ आला तर क, आणि ‘सी’ नंतर नुसता ‘आय’ किंवा ‘ई’ आला तर च. म्हणून ब्रुस्केत्ता, पण काप्पुच्चीनो. इंग्रजीच्या नेमके उलट.

बस्सु आणि उप्पिट्टु

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. प्रथम वर्षाला असताना बैलहोंगलकडचा माझा एक वर्गमित्र बसला ‘बस्सु’ आणि केकला ‘केक्कु’ म्हणे. आम्ही चार जण त्याला हसत असू. ‘पुन्हा म्हण’ असेही एकदा मी म्हटल्याचे मला आठवते. आईकडून अप्पांची हकिकत ऐकली, तेव्हा मला प्रथम तो मित्र आठवला. गाडीवर मोबाईल धरणाऱ्या तरुणात आणि माझ्यात फरक एवढाच, की माझ्या हातात त्या वेळी मोबाईल नव्हता.

इटालियन शब्दांची यादी घेऊन मी त्याच्याकडे गेलो. काप्पुच्चीनो, ब्रुस्केत्ता, मोत्सारेल्ला हे शब्द त्याने पहिल्याच खेपेला असे म्हटले, की मी पाहतच राहिलो. कारण सरळ आहे. कन्नडमध्ये दुहेरी व्यंजने पावलोपावली आहेत. अक्का, अण्णा, हळ्ळी. शिवाय कन्नड शब्द बहुधा स्वरावर संपतो आणि इटालियनही तसाच. ज्या सवयीला आम्ही हसत होतो, तीच सवय तेथे गुण ठरली. आपण मराठी माणसे दुहेरी व्यंजन सैल सोडतो आणि शेवटचा स्वर खातो. ‘उप्पिट्टु’ सीमा ओलांडून आला आणि ‘उपीट’ झाला, गोकाकचा ‘करदंटु’ आला आणि ‘करदंट’ झाला. मित्र हसून म्हणाला, “निम्मदु उपीट, नम्मदु उप्पिट्टु!” त्याला हसण्याचा पूर्ण अधिकार होता.

दुहेरी व्यंजन ही केवळ नखऱ्याची बाब नव्हे. इटालियनमध्ये ‘कासा’ म्हणजे घर आणि ‘कास्सा’ म्हणजे पैसे घेण्याचा गल्ला. एका स ने घराचा गल्ला होतो.

फ्रान्स आणि मेक्सिको

फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचे व्यंजन पुष्कळदा लिहायचे असते, बोलायचे नसते. हा नियम विचित्र वाटतो, पण तो आपल्याला लग्नाच्या मांडवात येतो. ‘बुफे’च्या शेवटी असलेला ‘टी’ आपल्यापैकी कोणी कधी उच्चारला आहे काय? तोच नियम पुढे चालवला, की ‘क्रोइसंट’चे क्र्वासाँ होते. ‘ओ’ आणि ‘आय’ जोडून आले की वा, आणि शेवटचा न नाकात. आमच्या गाडीवरचा ‘मयो’ही मूळचा फ्रेंच, मायोनेझ.

मेक्सिकोचे पदार्थ स्पॅनिश नावांनी येतात. त्यांची तीन अक्षरे सांभाळली, की झाले. ‘जे’चा उच्चार घशातला ह किंवा ख, दोन ‘एल’ म्हणजे य, आणि ‘एन’वर नागमोडी रेघ असेल तर पुन्हा आपला ञ. म्हणून पाकिटावर जलापेनो वाचली जाणारी मिरची ही हालापेञो. तिचे नाव मेक्सिकोतल्या हालापा या शहरावरून पडले. तसेच फाहीता आणि केसादीया.

शेझवानचे काय?

चिनी प्रांताचे नाव साधारण ‘स्छ्वान’ असे उच्चारतात. इंग्रजांनी जुन्या पद्धतीने लिहिताना आरंभी ‘एस’ आणि ‘झेड’ घातले. आपल्याकडच्या पाट्यांवर त्यातल्या ‘झेड’ आणि ‘सीएच’ यांच्या जागांची अदलाबदल झाली आणि शेझवान जन्माला आला. परंतु नाव बदलता बदलता पदार्थही बदलला. त्या प्रांताच्या स्वयंपाकाची खूण म्हणजे जीभ बधिर करणारी एक मिरी. आपल्या कोकणातले तिरफळ हे तिचेच भावंड, एकाच वनस्पतिकुळातल्या एकाच प्रजातीतले. आपल्या गाडीवरच्या लाल चटणीत ती मिरी नसते. लसूण आणि सुकी मिरची एवढाच तिचा संसार. म्हणजे शेझवान चटणी ही आपली इथली निर्मिती आहे आणि म्हणून तिचे नाव शेझवान असेच बरोबर आहे. गाडीवर उभे राहून तिला ‘स्छ्वान’ म्हणणे म्हणजे हापूसला अफोन्सो म्हणण्यासारखे होईल.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. तमिळमधल्या ‘मिळगु तण्णीर’ म्हणजे मिरीपाण्याचे इंग्रजांनी ‘मलिगटॉनी’ केले आणि ते सूप म्हणून मोठ्या डौलाने वाढले. त्यासाठी कोणा साहेबाला कोणी तीनदा म्हणायला लावून हसल्याचे ऐकिवात नाही. हसू येते ते गाडीवाल्याच्या उच्चाराचे, साहेबाच्या नव्हे. तेव्हा हा प्रश्न पूर्णपणे जिभेचा नाही, हे उघड आहे.

अप्पांचा प्रश्न

एवढी तयारी करून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी डिंडोलीला गेलो. रात्री गाडी धुऊन झाल्यावर अप्पांना म्हटले, “अप्पा, चमचा म्हणा.” त्यांनी म्हटले. “आता त्यातला पहिला च घ्या, जरा दाबून, आणि मोच्चारेल्ला म्हणा.” अप्पांनी म्हटले, आणि पहिल्याच वेळी नेमके म्हटले. जो उच्चार मी पंधरा दिवस घोटला होता तो त्यांच्या तोंडून सहज आला, कारण तो च त्यांचाच होता.

मी खूश झालो. अप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “छान आहे. पण असं म्हटलं तर गिऱ्हाइकाला कळेल का?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्या यादीत नव्हते. खरे सांगायचे, तर कळणार नाही. डिंडोलीच्या नाक्यावर मोत्सारेल्ला म्हटले, तर लोक पुन्हा विचारतील, हे काय नवीन आहे? उच्चार हा ऐकणाऱ्यासाठीही असतो. इटालियन माणसाशी बोलताना इटालियन उच्चार सांभाळावा, तो त्याचा मान आहे. मोठ्या हॉटेलात नोकरीला जाणाऱ्याला तो यायलाच हवा, तो त्याच्या कामाचा भाग आहे. आणि आपल्या गल्लीत गल्लीला कळेल असे बोलावे. शिकावे सर्व, वापरावे माणूस पाहून.

मी हे अप्पांना माझ्या परीने सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे ती पोरंही चुकतच होती म्हण की.” मी होय म्हटले. ते एवढेच म्हणाले, “मग हसली कशाला?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडीवर एका बाईंनी विचारले, “कोणतं चीज आहे, भाऊ?” अप्पांचा हात सवयीने पाकिटाकडे गेला. मग तो त्यांनी मागे घेतला, कढईतला वडा उलटला आणि मोठ्याने सांगितले, “मोंजरेला!” त्या बाईंना कळले. त्यांनी दोन बांधून द्यायला सांगितले.

मित्रहो, आपल्या उपाहारगृहातही आता नवी नवी नावे पाटीवर येऊ लागली आहेत. कोणाचा उच्चार चुकला असे वाटले, तर आधी तो शब्द कोणत्या देशाचा आहे ते पाहावे. त्याचा खरा उच्चार ठाऊक असेल, तर बाजूला घेऊन सांगावा. ठाऊक नसेल, तर दोघांनी मिळून शोधावा. मराठी विभागाच्या मित्रांना दुहेरी व्यंजनांची अडचण आली, तर त्यांनी कन्नड विभागाकडे जावे. चमच्याचा च हवा असेल, तर कन्नड विभागाच्या मित्रांनी आमच्याकडे यावे. चहा आम्ही पाजू.